टेक्सासमधे हरणाच्या शिकारीसाठी पहिली रायफल: .२४३, ६.५ क्रीडमोर, ७ एमएम-०८, .३०८, .२७० की .३०-३०?

ऑस्टिन किंवा सॅन अँटोनियोहून दीड-दोन तासात हिल कंट्रीत, म्हणजे मध्य टेक्सासच्या डोंगराळ भागात, पोचता येतं, ऑफिसातला कुणीतरी एकदा आपल्या लीजवर (शिकारीसाठी भाड्याने घेतलेल्या जमिनीवर) घेऊन जातो, त्याच्या रायफलने एखादी मादी मिळते, फ्रीझर भरतो आणि मग स्वतःची रायफल घ्यायची तर कुठल्या काडतुसाची हा भुंगा डोक्यात सुरू होतो. ओळखीतल्या दोन-चार जणांनी हेच विचारलं म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितोय. दुकानात काउंटरमागचा माणूस त्याच्या आवडीचं सांगतो, मामा-काका शिकारी असलेला टेक्सन त्याच्या आजोबांचं सांगतो, आणि आपल्या घराण्यात कुणी बंदूक धरलेली नसते त्यामुळे नक्की कुणाचं ऐकायचं ते कळत नाही.

सुरू करायच्या आधी दोन गोष्टी. हे सगळं फक्त अमेरिकेपुरतं आहे, भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती तशीच राहिली पाहिजे असं माझं ठाम मत आहे. दुसरं म्हणजे व्हिसा. ग्रीन कार्ड असेल तर प्रश्न नाही, पण एच-१बी वगैरेवर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच मनाई आहे, त्यात एक अपवाद असा की तुमच्याकडे कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर चालतं, म्हणजे आधी लायसन्स आणि मग रायफलला हात, हा क्रम चुकवू नका आणि शंका असेल तर वकिलाला विचारा, मित्राला नाही.

आता जनावर कुठलं ते बघू, कारण काडतूस जनावरावरून आणि अंतरावरून ठरतं. हिल कंट्रीतला व्हाइटटेल, म्हणजे इथलं नेहमीचं पांढऱ्या शेपटीचं हरीण, लहान चणीचा असतो, मादी ऐंशी-शंभर पाउंड, नर सव्वाशे-दीडशेच्या आसपास, मिशिगन-विस्कॉन्सिनकडचे दोनशे पाउंडांच्या वरचे नर इथे दिसत नाहीत. पण त्याच रानात चितळ पण आहे, हो, आपलं ताडोबा-पेंचमधलं चितळ, १९३२ मधे इथे आणून सोडलं आणि आता इतकं वाढलंय की काही भागात व्हाइटटेलपेक्षा जास्त दिसतं. इथे त्याला ॲक्सिस म्हणतात. मोठा नर दोनशे पाउंडांपर्यंत जातो, परकं जनावर असल्यामुळे त्याला सीझनचं बंधन नाही, जमीनमालकाची परवानगी आणि लायसन्स असलं की झालं. इथले जुने शिकारी चितळाला व्हाइटटेलपेक्षा चिवट मानतात. दक्षिण टेक्सासात नीलगाय पण आहे, पण तिचा नर पाच-सहाशे पाउंडांचा, तो हरणाच्या वजनगटातच बसत नाही, त्याच्यासाठी वेगळी रायफल लागते, तो विषय इथे नको.

अंतर म्हणाल तर ब्लाइंडमधून (लपून बसायच्या खोपटातून) फीडरपर्यंत (हरणांना दाणे टाकणाऱ्या यंत्रापर्यंत) साधारण ऐंशी ते दीडशे यार्ड. दक्षिणेकडे झुडपं कापून काढलेल्या लांबलचक सरळ पट्ट्यांवर अडीचशे-तीनशेचा शॉट येऊ शकतो, पण नवशिक्याने तो सोडून द्यावा.

तर आकडे एकदा समोर ठेवतो. नावातला पहिला आकडा म्हणजे ढोबळ मानाने गोळीचा व्यास, आधी टिंब असेल तर इंचात, नाहीतर मिलिमीटरमधे, आणि नावापुढे ते काडतूस निघालं ते साल. गोळीचं वजन ग्रेनमधे (साधारण साडेपंधरा ग्रेन म्हणजे एक ग्रॅम), वेग नळीच्या तोंडाशी फूट प्रति सेकंद, आणि शेवटचा आकडा म्हणजे स्कोपसकट साडेसात-आठ पाउंडी रायफलमधे खांद्याला बसणारा धक्का, फूट-पाउंडात, अंदाजे.

.२४३ विंचेस्टर, १९५५: १०० ग्रेन, २९६०, धक्का ९-१०
.३०-३० विंचेस्टर, १८९५: १५० ग्रेन, २३९०, धक्का १०-११
६.५ क्रीडमोर, २००७: १४३ ग्रेन, २७००, धक्का १२
७ एमएम-०८ रेमिंग्टन, १९८०: १४० ग्रेन, २८००, धक्का १२-१३
.३०८ विंचेस्टर, १९५२: १५० ग्रेन, २८२०, धक्का १६
.२७० विंचेस्टर, १९२५: १३० ग्रेन, ३०६०, धक्का १६-१७
.३०-०६ स्प्रिंगफील्ड, १९०६: १५० ग्रेन, २९१०, धक्का १८

यातली बरीचशी एकाच घराण्यातली आहेत. .३०-०६ ची पितळी केस (दारू भरलेली नळी) तोंडाशी बारीक केली की .२७०, .३०८ ची बारीक केली की .२४३ आणि ७ एमएम-०८. .३०-०६ आणि .२७० लांब काडतुसं, त्यामुळे रायफलची ॲक्शन (काडतूस भरायची-काढायची यंत्रणा) पण लांब आणि थोडी जड, बाकीची शॉर्ट ॲक्शनमधे बसतात.

आता महत्त्वाचं. दोनशे यार्डांवर झीरो केलेल्या (स्कोप त्या अंतराला जुळवलेल्या) रायफलने तीनशेवर गोळी किती खाली जाते ते बघितलं तर .२७० साडेसहा-सात इंच, .२४३ सात, ६.५ क्रीडमोर पावणेआठच्या आसपास आणि .३०८ नऊच्या जवळ. म्हणजे ज्या मुद्द्यावर लोक रात्र रात्र वाद घालतात तो तीनशे यार्डांवर दोन-अडीच इंचांचा आहे, आणि हरणाचं हृदय-फुप्फुस मिळून आठ इंचांचं वर्तुळ धरतात. शंभर यार्डांवर तर काहीच फरक नाही. म्हणून हिल कंट्रीपुरतं बोलायचं तर "सपाट जाते" या कारणावरून काडतूस निवडू नका, धक्का, गोळ्यांची उपलब्धता आणि गोळीची बनावट या तीन गोष्टींवर निवडा.

.३०८ विरुद्ध ६.५ क्रीडमोर हा खरा सामना आहे कारण दुकानात सगळ्यात जास्त रायफली या दोनच मिळतात. .३०८ची गोळी जाड, ७.८ मिलिमीटर, भोक मोठं पडतं, आणि कुठल्याही गावातल्या दुकानात, अगदी हार्डवेअरच्या दुकानात पण डबा मिळतो. ६.५ मुळात निशाणेबाजीच्या स्पर्धेसाठी हॉर्नडी या काडतूस कंपनीने काढलं, गोळी लांब आणि सडपातळ, हवेत वेग कमी गमावते, त्यामुळे नळीच्या तोंडाशी .३०८ ची ताकद जास्त असली (साधारण २६५० फूट-पाउंड विरुद्ध २३००) तरी दीडशे-दोनशे यार्डांच्या पुढे साध्या टोकाच्या .३०८ ला ६.५ मागे टाकते. पण माझ्या दृष्टीने याचा फारसा उपयोग नाही, खरा फायदा धक्क्याचा आहे. सोळाच्या जागी बारा हे कागदावर छोटं वाटतं पण रेंजवर तिसाव्या गोळीला खांदा सांगतो. ज्याला पंधरा-वीस गोळ्यांनंतर रायफल खाली ठेवावीशी वाटत नाही तो सराव करतो, आणि सराव करणाऱ्याचंच हरीण जागेवर पडतं.

फ्लिंच (धक्क्याच्या भीतीने ट्रिगर दाबताना अंग आक्रसणं) किती वाईट असतो ते बघायचं असेल तर रेंजवर मित्राला सांगा की मॅगझिनमधे खऱ्या गोळ्यांच्या मधे एखादं डमी काडतूस तुम्हाला न कळता भर. डमी आलं की नुसता टक् असा आवाज होतो, स्फोट नाही, आणि त्या क्षणी नळीचं तोंड कसं खाली झुकतं, डोळे कसे मिटतात, खांदा कसा पुढे जातो ते स्पष्ट दिसतं. .३०-०६ वर हे अगदी तगड्या माणसांचं होताना बघितलंय. .२४३ वर क्वचितच.

मग .२४३ च का नको? खूप लोकांनी यावर हजारो हरणं मारलीत, मुलांसाठी आणि बारीक अंगाच्या माणसांसाठी उत्तम आहे, व्हाइटटेलच्या मादीला भरपूर झालं. पण चूक पोटात घालत नाही. गोळी बारीक, ६.२ मिलिमीटर, खांद्याच्या हाडावर तिरकी लागली किंवा चुकीची गोळी भरली तर आरपार जात नाही, आणि आरपार गेली नाही तर बाहेरचं भोक नाही, बाहेरचं भोक नाही तर रक्ताचा माग नाही. हिल कंट्रीत चुनखडीचे पांढरे दगड आणि सीडरची दाट झुडपं, जखमी चितळ साठ यार्ड पळून त्या झुडपात घुसलं की तिन्हीसांजेला टॉर्च घेऊन दगडांवरचे चार-पाच थेंब शोधत बसायचं, आणि जनावर तिकडे तडफडतंय ही जाणीव फार त्रासदायक असते. .२४३ घेतलीत तर ९५-१०० ग्रेनची नॉस्लर पार्टिशनसारखी घट्ट गोळी किंवा ८०-८५ ग्रेनची बार्न्सची तांब्याची गोळीच वापरा. ५५-५८ ग्रेनच्या ज्या गोळ्या शेल्फवर शेजारीच ठेवलेल्या असतात त्या कोल्ह्या-बिल्ह्यांसाठीच्या, हरणाच्या अंगात वरवरच फुटतात.

.२७० बद्दल मला आदर आहे, शंभर वर्षं झाली आणि अजून तोडीस तोड आहे, पण आपल्या अंतरांना त्याचा वेग जरा जास्तच पडतो. साठ यार्डांवर ३०००च्या वेगाची मऊ शिशाची गोळी खांद्यात बसली तर तिथलं मांस रक्ताने काळंनिळं होऊन जातं, दोन-तीन पाउंड टाकून द्यावं लागतं, आणि आपण मटण रस्सा करायला शिकार करणारी माणसं, खांद्याचं मांस रस्स्याला सगळ्यात चांगलं. तिथे गोळी खांद्यामागे बरगड्यांत टाका किंवा तांब्याची वापरा. .३०-०६ ने सगळं होतं, हरीण, एल्क, रानडुक्कर, पण फक्त हरणासाठी एवढा धक्का का सोसायचा? वडिलोपार्जित मिळाली तर जरूर वापरा. मॅग्नम (जास्त दारूच्या, जास्त धक्क्याच्या) काडतुसांचा तर विचारच करू नका.

.३०-३० ची लिव्हर ॲक्शन रायफल (ट्रिगरजवळचा दांडा खालीवर करून काडतूस भरायची) हातात घेतली की सोडवत नाही, हलकी, आटोपशीर, झुडपांत फिरायला छान. पण दोनशे यार्डांवर तिची ताकद हजार फूट-पाउंडांच्या खाली जाते, हरणासाठी लोक ढोबळ मानाने हजार धरतात, आणि गोळी एव्हाना इतकी खाली आलेली असते की अंदाजाने वर धरावं लागतं. नळीसारख्या मॅगझिनमधे गोळ्या एकामागे एक लागतात, मागच्याचं टोक पुढच्याच्या प्रायमरला (बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टिकलीला) टेकतं, म्हणून टोकदार धातूची गोळी त्यात कधीच भरायची नाही, चपट्या टोकाची किंवा हॉर्नडीची मऊ रबरी टोकाची. दीडशे यार्डांच्या आत राहायचं वचन स्वतःला देणार असाल तरच घ्या.

७ एमएम-०८ ही माझी आवड. धक्का जवळपास ६.५ एवढाच, गोळी जरा जाड, चितळाच्या नरावर जास्त भरवसा वाटतो. कमतरता एकच आणि ती मोठी आहे, गोळ्या सगळीकडे मिळत नाहीत, मिळाल्या तर दोन-तीनच प्रकार आणि डबा महाग. ऑनलाइन एकदम साठा करून ठेवणाऱ्यालाच ती परवडते.

.२२३ बद्दल पण विचारतात कारण त्या काडतुसाची एआर-१५ रायफल घरात असते. टेक्सासात हरणाला कायद्याने चालते, कोलोरॅडोत चालत नाही, तिथे किमान .२४ कॅलिबर लागतं. माझ्या मते पहिल्या शिकारीसाठी नकोच. आणि ओहायो, आयोवा इकडच्या मंडळींनी ही यादी बाजूला ठेवावी, तिकडे सरळ भिंतीच्या, म्हणजे तोंडाशी बारीक न होणाऱ्या, केसचे नियम आहेत, त्यासाठीच विंचेस्टरने २०१९ मधे .३५० लेजंड काढलं, यंदाचे नियम राज्याच्या साइटवर वाचूनच घ्या.

शिसं की तांबं? कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीला बंदीच आहे. टेक्सासात नाही, पण घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर मी तांब्याचीच घ्या म्हणेन, शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच लांबपर्यंत मांसात पसरतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. तांब्याची गोळी उघडायला वेग लागतो म्हणून एक पायरी हलकी घ्यायची, .३०८ मधे १३०, ६.५ मधे १२०-१२७. फक्त ती हमखास आरपार जाते, आणि चितळं कळपात उभी असतात, तेव्हा मागे दुसरं जनावर नाही हे बघितल्याशिवाय ट्रिगर नको.

तर निवड. एकटा माणूस, पहिली रायफल, बहुतेक शिकार दोनशेच्या आत: ६.५ क्रीडमोर, १४०च्या आसपासची शिकारीची गोळी, स्पर्धेची नाही. बायको आणि बारा-चौदा वर्षांचा मुलगा पण तीच वापरणार असतील तरी हीच, मूल त्याहून लहान असेल तर .२४३. रानडुकरं पण मारायची असतील, गोळ्या कुठेही आणि स्वस्तात हव्या असतील आणि धक्क्याचं वावडं नसेल तर .३०८, डोळे मिटून. जो मला विचारून माझ्यासारखीच घेणार असेल त्याला ७ एमएम-०८, पण रायफलसोबत दहा डबे घेण्याची तयारी असेल तरच.

कुठलीही घ्या, एकच गोळी निवडून तिचेच पाच-सहा डबे घ्या, डब्यावरचा लॉट नंबर सारखा बघून, कारण ब्रँड बदलला की झीरो सरकतो. .३०-३० सोडली तर शंभर यार्डांवर दीड-दोन इंच वर लावलं की दोनशेवर बरोबर मधे येते. काडतुसं ज्या बॅगेत ठेवाल ती बॅग मुंबईच्या प्रवासाला कधीच वापरू नका, खिशात विसरलेलं एक जिवंत काडतूस पण भारतात आर्म्स ॲक्टखाली अडकवतं. आणि हरणाचा सीझन नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो, ऑक्टोबरमधे शेल्फ रिकामे होतात आणि रेंजवर बाकड्यासाठी रांग लागते, तेव्हा रायफल ऑगस्टपर्यंत घरात आलेली बरी.