महिन्याचा किराणा कोठून भरावा: वाणी, मोठे दुकान, मार्केट यार्ड की मोबाइल?

किराण्यासाठी दरमहा एक रक्कम ठरवूनही ज्यांच्या घरी ती वीस-बावीस तारखेलाच संपते, अशा पुणेकर कुटुंबांसाठी हा आढावा आहे. पुण्यात वाणसामान भरण्याचे मुख्य मार्ग चार आहेत: घराजवळच्या वाण्याकडे यादी देणे, महिन्यातून एकदा मोठ्या दुकानात जाणे, मार्केट यार्ड किंवा रविवार पेठेतून घाऊक भावाने धान्य आणणे, आणि लागेल तेव्हा मोबाइलवरून मागवणे. त्यांची तुलना बहुधा फक्त दरांवरून होते आणि ती मला अपुरी वाटते. सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या चौघांच्या घरात आम्ही वर्षभर प्रत्येक पावती वहीत उतरवली, तेव्हा असे दिसले की पहिल्या आठवड्यात भरलेल्या यादीची रक्कम दरमहा जवळजवळ सारखीच राहत होती; हिशेब मोडत होता तो नंतरच्या वरच्या सामानामुळे. अर्धा किलो रवा, बिस्किटांचे दोन पुडे, अचानक संपलेली हळद आणि ती आणायला गेलेल्या माणसाबरोबर घरात आलेल्या आणखी चार वस्तू, अशी ती खरेदी होती. म्हणून प्रत्येक मार्गाविषयी दोन गोष्टी पाहाव्यात असे माझे मत आहे: किलोमागे दर काय पडतो, आणि यादीत नसलेले सामान घरात येण्यास तो मार्ग किती वाव देतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची का, हे देशाच्या आकड्यांवरूनही लक्षात येते. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात शहरी भागातील दरडोई मासिक खर्चात अन्नाचा वाटा सुमारे ४० टक्के आढळला. त्यात पेये आणि तयार खाद्यपदार्थ यांचा भाग सर्वांत मोठा, म्हणजे एकूण खर्चाच्या सुमारे ११ टक्के होता, तर तृणधान्यांचा भाग ५ टक्क्यांच्याही आत होता. या ११ टक्क्यांत बाहेरचे खाणेही धरलेले आहे, तरी गव्हात किलोमागे दोन रुपये वाचवण्यासाठी आपण जेवढी धडपड करतो, तेवढी फरसाण, सरबते आणि नूडल्सच्या बाबतीतही करायला हवी, हे त्यातून स्पष्ट होते.

वाण्याकडची यादी हा सर्वांत जुना मार्ग आहे आणि माझ्या मते त्याची किंमत आज कमी लेखली जाते. तेथे पाकीटबंद माल छापील किमतीला किंवा तिच्यापेक्षा एखाद-दोन रुपये कमी दराने मिळतो, म्हणजे मोठ्या दुकानापेक्षा तो बहुधा महागच पडतो. परंतु वाणी पाव किलो खसखस मागितली तर पाव किलोच देतो, सव्वा किलो मूगडाळ हवी असेल तर सव्वा किलोच तोलतो, आणि स्वस्त पडते म्हणून अडीचशेऐवजी पाचशे ग्रॅम घेण्याची वेळ तो आपल्यावर आणत नाही. यादी घरून लिहून गेलेली असते आणि सामान घरपोच येते, त्यामुळे मांडणीतल्या वस्तू डोळ्यांपुढून जातच नाहीत. एखादी डाळ जुनी निघाली किंवा शेंगदाणे खवट लागले, तर ते परत घेतले जातात, कारण त्याला पुढच्या महिन्यातही आपले गिऱ्हाईक हवे असते.

या मार्गाचा खरा धोका खात्यात आहे. महिनाअखेरीस एकदम पैसे देण्याची सोय असली, की घरातले प्रत्येक जण ‘वहीत लिहून ठेवा’ म्हणून वस्तू आणू लागते. आमच्या घरी एका महिन्यात खात्यावरची किरकोळ खरेदी मूळ यादीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी झाली होती, आणि त्यात वाण्याचा काहीही दोष नव्हता. त्यानंतर आम्ही खाते चालू ठेवले, मात्र खात्यावर फक्त यादीचे सामान येईल आणि वरच्या वस्तू रोख पैसे देऊनच आणल्या जातील, असे ठरवले. सुट्या मालाबाबत आणखी एक काळजी घ्यावी लागते: त्यावर छापील किंमत नसल्यामुळे दर आधी विचारून यादीवर लिहून घ्यावा, म्हणजे बिल आल्यावर वाद होत नाही.

मोठ्या दुकानात, म्हणजे डीमार्टसारख्या ठिकाणी, दरांचा फायदा खराखुरा आहे. तेल, साखर, साबण, चहा, धुण्याची पावडर यांवर छापील किमतीपेक्षा चांगली सवलत मिळते आणि तीच वस्तू वाण्याकडून घेतली तर पडणारा फरक महिन्याच्या बिलात दिसण्याइतका असतो. पण येथे दर नीट वाचता आला पाहिजे. वेष्टनावर आता एकूण किमतीबरोबर प्रति ग्रॅम, प्रति किलो किंवा प्रति लिटर दरही छापलेला असतो, आणि तुलना करताना पाहायचा तो हाच आकडा आहे. मोठे पाकीट नेहमीच स्वस्त असते असे नाही.

तेलाच्या बाबतीत तर हा हिशेब घरीच करून जावा. खाद्यतेल पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. याचा अर्थ १५ लिटरच्या डब्यात साधारण १३.६५ किलो तेल असते, तर १५ किलोच्या डब्यात पुरते १५ किलो. समजा लिटरचा डबा २,१०० रुपयांना आणि किलोचा डबा २,२५० रुपयांना मिळत आहे. पहिला दीडशे रुपयांनी स्वस्त दिसतो, पण त्यात किलोला सुमारे १५४ रुपये पडतात आणि दुसऱ्यात १५०. पिशव्यांमध्येही काही लिटरच्या, काही ९०० ग्रॅमच्या आणि काही त्याहून कमी वजनाच्या असतात, आणि मांडणीत त्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असल्यामुळे नजर सहज फसते.

वहीतला अनुभव सांगायचा तर मोठ्या दुकानात यादीच्या वस्तूंवर आमचे जेवढे पैसे वाचले, तेवढेच आणि कधी जास्तही, यादीत नसलेल्या वस्तूंवर गेले. एकावर एक फुकट मिळालेली सॉसची बाटली घरात उघडून पडली म्हणजे ती स्वस्त ठरत नाही. शनिवार-रविवारी सगळे कुटुंब घेऊन जाणे हा यातला सर्वांत खर्चीक प्रकार आहे. आठवड्याच्या मधल्या दिवशी, जेवण झाल्यावर, एकट्याने, छापील किंवा हाताने लिहिलेली यादी घेऊन गेल्यास या मार्गाचा पुरेपूर लाभ होतो. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी वाण्याकडचा थोडा जास्त दर आनंदाने द्यावा.

गुलटेकडीच्या मार्केट यार्डातला भुसार विभाग आणि रविवार पेठेतली घाऊक दुकाने यांचा विचार महिन्याच्या यादीसाठी करू नये. तो वर्षाच्या साठवणीसाठी करावा. नवा गहू बाजारात आला की मार्च ते मे या काळात आवक चांगली असते, निवड करायला वाव असतो आणि ऊनही हाताशी असते. सिहोर घ्यावा की लोकवन, हे ज्याच्या त्याच्या पोळीच्या आवडीवर ठरेल. नवा तांदूळ हिवाळ्यात येतो, त्यामुळे मावळातला इंद्रायणी किंवा आंबेमोहर त्या सुमारास पाहावा. मात्र मोकळा भात हवा असेल तर जुना तांदूळच मागावा. ब्याडगी आणि गुंटूर मिरची, धणे आणि खडा मसाला उन्हाळ्यात एकदम आणून तिखट-मसाला करून ठेवला, तर वर्षभर लहान पुड्यांवर होणारा खर्च वाचतो. कराचाही एक मुद्दा येथे आहे: जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य, डाळी आणि पिठांवर ५ टक्के जीएसटी लागतो, सुट्या मालावर तो लागत नाही. गहू सुटा आणून गिरणीत दळणे त्यामुळे तयार पिठापेक्षा स्वस्त पडते, पण त्यात दळणाची मजुरी, निवडण्याचा वेळ आणि वाहतुकीचे भाडे धरल्याशिवाय हिशेब पूर्ण होत नाही.

साठवणीत नुकसान होते ते दोन कारणांनी. पहिले कारण कीड: धान्य कडकडीत उन्हात वाळले नाही, गार होण्याआधीच डब्यात भरले गेले किंवा कोठीचे झाकण सैल राहिले, तर पावसाळ्यात सोंडे आणि पाकोळ्या होतात आणि वाचवलेले पैसे त्यातच जातात. ज्या सदनिकेला गच्ची किंवा ऊन येणारी बाल्कनी नाही, तेथे हा धोका मोठा आहे. गव्हाला एरंडेल चोळणे किंवा कडुलिंबाचा वाळलेला पाला घालणे हे उपाय वाळवण्याची जागा घेऊ शकत नाहीत. दुसरे कारण पैशांचे आहे. वर्षाचे धान्य घेतले की एप्रिल किंवा मे महिन्याचे बजेट कोसळते आणि पुढचे दोन महिने ते सावरण्यात जातात. साठवणीला ६,००० रुपये लागत असतील, तर दरमहा ५०० रुपये वेगळ्या पाकिटात किंवा वेगळ्या खात्यात टाकत राहणे हाच त्यावरचा उपाय आहे, आणि हे ज्यांना पहिल्या वर्षी शक्य नाही त्यांनी एकदम वर्षाचे न घेता तीन महिन्यांचे धान्य घेऊन सुरुवात करावी. शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून टेम्पो केला तर भाडे वाटले जाते, आणि ५० किलोचे पोते वाटूनही घेता येते.

मोबाइलवरून दहा-पंधरा मिनिटांत सामान मागवण्याचा मार्ग बजेट पाळण्याच्या दृष्टीने मला सर्वांत अवघड वाटतो. वस्तूंचे दर तेथे नेहमीच जास्त असतात असे मुळीच नाही. पुष्कळदा छापील किमतीवर सवलतही असते. अडचण अशी, की बिलात पोहोचवण्याचे, हाताळणीचे आणि लहान मागणीचे वेगवेगळे शुल्क मिळवले जाते आणि पावसात किंवा गर्दीच्या वेळी ते वाढू शकते, तर ठरावीक रकमेच्या वर पोहोचवणे मोफत असल्यामुळे माणूस शंभर रुपयांच्या कोथिंबीर-दह्यासाठी दोनशेचे सामान भरतो. पूर्वी रवा संपला तर उद्यापर्यंत थांबून पोह्यांवर भागवले जात असे, आणि त्या थांबण्यात बरीच बचत होत होती. तरीही एकटे राहणारे ज्येष्ठ नागरिक, तान्हे मूल असलेले घर किंवा आजारपण यांसाठी ही सोय मोलाची आहे आणि तिला नावे ठेवणे मला योग्य वाटत नाही. ती वापरायचीच असेल तर कार्डाची माहिती साठवून न ठेवता महिन्याच्या सुरुवातीला ठरावीक रक्कम, समजा ८०० रुपये, ॲपच्या वॉलेटमध्ये भरावी आणि ती संपली की पुढच्या एक तारखेपर्यंत मागवणे थांबवावे.

भाजी आणि दूध यांचा हिशेब किराण्यात मिसळू नये, कारण त्यांचे दर ऋतूप्रमाणे हलतात. २०२३ च्या जुलै महिन्यात टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला, तेव्हा नारायणगावसारखी मोठी बाजारपेठ जिल्ह्यातच असूनही पुणेकरांना त्यातून सुटका नव्हती. म्हणून भाजीची रक्कम वर्षाच्या सरासरीने ठरवावी, हिवाळ्यात उरलेली पावसाळ्यात वापरावी, आणि साठवणीचा उन्हाळी कांदा मे महिन्यातच घेऊन हवेशीर जागी पसरून ठेवावा. महात्मा फुले मंडई जवळ असेल तर उत्तमच. नसेल तर राज्य कृषी पणन मंडळाच्या पुढाकाराने भरणारे शेतकरी आठवडे बाजार आठवड्याची भाजी एकदम आणायला सोयीचे आहेत. दिवाळीच्या फराळाचे सामान हाही वेगळाच खर्च आहे आणि त्याची तरतूद श्रावणापासून व्हावी.

आता निवडीविषयी. दोघेही नोकरी करतात, मुले शाळेत आहेत आणि घर मध्यम आकाराचे आहे, अशा कुटुंबाला मी वाण्याकडची यादी हा मुख्य मार्ग सुचवेन, आणि तेल, साबण, चहा यांसारख्या टिकाऊ वस्तूंसाठी दोन महिन्यांतून एकदा मोठ्या दुकानाची फेरी. स्वतःचे घर, गच्ची आणि धान्य वाळवण्यात लक्ष घालणारे माणूस असेल, तर त्यात गहू, तांदूळ आणि मिरचीची साठवण जोडावी. भाड्याच्या खोलीत तिघे-चौघे मिळून राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी किंवा नव्या नोकरदारांनी मात्र साठवणीच्या मागे लागू नये; त्यांनी दहा किलो तांदूळ, पाच किलो पीठ आणि दोन डाळी एकत्र घ्याव्यात, वरच्या खर्चासाठी प्रत्येकाने सारखी रक्कम एका डब्यात टाकावी आणि त्या डब्यातून काढलेला प्रत्येक रुपया झाकणाच्या आतल्या कागदावर लिहावा, म्हणजे घर बदलताना पोती वाहून न्यावी लागणार नाहीत आणि हिशेबावरून आपापसांत वाददेखील होणार नाहीत.