महाराजांचं विकिपीडिया पेज: स्वतंत्र लेख, मठाच्या लेखात परिच्छेद, की सध्या नकोच?

गुरुपौर्णिमा जवळ आली की हा प्रश्न येतोच. लालबाग, दादर, डोंबिवली, कुठल्यातरी भक्तमंडळातला एखादा मुलगा मेसेज टाकतो, दादा आमच्या महाराजांचं विकिपीडियावर पेज का नाही, अमक्यांचं तर आहे, आपण बनवूया ना. बनवायला काय हो, एका दुपारी होतं. ते महिनाभराने तिथे असेल का आणि असलं तर तुम्हाला आवडेल का, हे आधी बघायला हवं. म्हणून तिन्ही पर्याय शेजारी शेजारी मांडतोय.

आधी कसोटी, कारण ती कळली की अर्ध्या लोकांचा निर्णय तिथेच होतो. महाराजांशी काही देणंघेणं नसलेल्या माणसांनी, संपादक वगैरे असलेल्या जबाबदार ठिकाणी, त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहिलंय का? विकिपीडियावर याला उल्लेखनीयता म्हणतात. यात गर्दी मोजत नाहीत, पालखीला किती लाख आले ते मोजत नाहीत, यूट्यूबचे सबस्क्रायबर नाहीत, आणि स्टेशनबाहेरचा नगरसेवकाच्या फोटोसकटचा फ्लेक्स तर नाहीच नाही. माणूस थोर आहे की नाही यावर तिथे कुणी बोलतच नाही, आणि भक्तांना नेमका याचाच राग येतो.

मुंबईतलंच उदाहरण घ्या. निसर्गदत्त महाराज खेतवाडीत राहायचे, विड्यांचं दुकान होतं, घरातल्या माळ्यावर बसून मराठीत बोलायचे, तिथे किती माणसं मावणार. पण त्यांच्या संवादांचं मॉरिस फ्रीडमन यांनी इंग्रजी केलं, १९७३ साली ते पुस्तक आलं, मग परदेशातले लोक गिरगाव शोधत यायला लागले आणि नंतर त्यांच्यावर इतकं लिहिलं गेलं की लेखाला प्रश्नच उरला नाही. इथे एक बारीक गोष्ट आहे, फ्रीडमन स्वतः तिथे ऐकायला बसणारे, म्हणजे ते पुस्तक एकटं पुरावा म्हणून चालत नाही, त्या पुस्तकाबद्दल आणि महाराजांबद्दल इतरांनी जे लिहिलं ते चालतं. आता याच्यासमोर असे एक बुवा ठेवा ज्यांच्या सप्ताहाला मैदान कमी पडतं पण त्यांच्यावरची सगळी पुस्तकं त्यांच्याच ट्रस्टने छापलीत. माळ्यावरच्या माणसाचा लेख टिकतो आणि मैदानवाल्यांचा उडतो. पांडुरंगशास्त्री आठवल्यांचंही बघा, माधवबागेतली पाठशाळा, स्वाध्याय परिवार एवढा मोठा, पण लेख उभा राहतो तो १९९६ चा मॅगसेसे, १९९७ चं टेम्पल्टन पारितोषिक आणि बाहेरच्या लोकांनी स्वाध्यायावर केलेला अभ्यास यांच्यावर, परिवाराच्या आकड्यावर नाही.

मंडळाची मुलं कात्रणांची फाइल आणतात, प्लास्टिकच्या पाकिटांची, जाडजूड. ती कशी बघायची ते सांगतो कारण खरा निर्णय तिथेच होतो. पहिलं पान बहुतेक वेळा अमृतमहोत्सवाची रंगीत पुरवणी, मधे महाराज, चारही बाजूंनी बिल्डर, ज्वेलर आणि सहकारी बँकेच्या शुभेच्छा. ही जाहिरात आहे, बाजूला. मग "शहरात आज" टाइपचे चौकोन, सायंकाळी सहाला काल्याचं कीर्तन, स्थळ अमुक हॉल. उल्लेख आहे, पण दोन ओळीत माणसाबद्दल काय कळतं, बाजूला. मग मुलाखत, छान मोठी, पण सगळं महाराजच बोलतायत आणि पत्रकाराने एकदाही उलट विचारलेलं नाही, तिला अर्धे मार्क द्या. मग लेख, ज्याच्या खाली लेखकाचं नाव बघितलं तर ते ट्रस्टचे सेक्रेटरी. बाजूला. आणि कधीकधी शेवटच्या पाकिटात रविवारच्या पुरवणीतला चार कॉलमचा लेख निघतो, वार्ताहर स्वतः गावी जाऊन आलाय, अन्नछत्र कसं चालतं, पैसा कुठून येतो, गावातले दोघे तक्रार पण करतायत. हे खरं कात्रण! आणि गंमत म्हणजे मंडळाने ते शेवटी ठेवलेलं असतं, त्या दोन तक्रारींमुळे. असे दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणचे, वेगवेगळ्या वर्षांतले निघाले तर स्वतंत्र लेखाचा विचार करा. एकच निघाला तर नाही.

आता पदाचं. इथे मला स्वतःला जरा खटकतं पण जे आहे ते आहे. इंग्रजी विकिपीडियावर साधारण अनुभव असा की कॅथलिक बिशपचा लेख टिकतो, कारण एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाबद्दल कुठे ना कुठे लिहिलेलं सापडतंच. मुंबईचे आर्चबिशप म्हटलं की वाद संपला, व्हॅलेरियन ग्रेशस तर १९५३ साली पहिले भारतीय कार्डिनल झाले. पण वांद्र्याच्या एखाद्या चर्चचे फादर, कितीही लाडके असोत, नुसत्या पदावर नाही. दाऊदी बोहरा समाजाच्या सय्यदनांचंही, म्हणजे त्यांच्या सर्वोच्च धर्मगुरूंचंही, तसंच, ते पद एकच असतं आणि त्यावर भरपूर लिहिलेलं आहे. आपल्या कीर्तनकारांना, वारकरी फडांच्या प्रमुखांना, छोट्या मठाधिपतींना अशी शिडीच नाही, कोण कितव्या पायरीवर हे बाहेरच्याला कळत नाही, त्यामुळे प्रत्येकाला कात्रणांवरच पास व्हावं लागतं. अन्याय वाटतो, पण उपाय म्हणजे कात्रणं शोधणं, भांडण नाही. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जुनी नियतकालिकं चाळा, मराठी विश्वकोश आणि महादेवशास्त्री जोशींचा भारतीय संस्कृतिकोश बघा. विश्वकोशात आपल्याला स्वतः जाऊन लिहिता येत नाही, तिथे नोंदी जाणकारांकडून लिहून घेतात आणि संपादक तपासतात, आणि म्हणूनच तिथे चार ओळी असल्या तरी त्या फाइलमधल्या पन्नास कात्रणांपेक्षा जड.

मराठी विकिपीडिया की इंग्रजी? मराठीचा २००३ पासूनचा, माणसं कमी, त्यामुळे कच्चा लेख तिथे बरेच दिवस कुणाच्या नजरेत न येता पडून राहू शकतो आणि मग एक दिवस पानकाढा साचा, म्हणजे हे पान काढावं अशी पाटी, लागतो. मराठीत कसोटी सोपी आहे असं समजू नका, तपासनीस कमी आहेत एवढंच. इंग्रजीत नव्या खात्याला चार दिवस आणि दहा संपादनं झाल्याशिवाय थेट लेखच बनवता येत नाही, आधी मसुदा टाकायचा आणि तपासणीसाठी थांबायचं, आणि भारतीय वर्तमानपत्रांतल्या कौतुकाच्या बातम्यांकडे तिथले लोक पैसे देऊन छापल्यात का अशा नजरेने बघतात, उगाच नाही बघत. मराठी कात्रणं इंग्रजी लेखाला चालतात, भाषेची अट नाही. माझं मत, संदर्भ मराठी असतील आणि वाचणारे इथलेच असतील तर मराठीत करा, इंग्रजीचा हट्ट बहुतेकदा पत्रिकेवर लिंक टाकण्यासाठी असतो.

ज्यावर कुणी विचारच करत नाही ते आता. स्वतंत्र लेख झाला की तो मठाचा राहत नाही. प.पू., सद्गुरू, श्री श्री १०८ सगळं कापलं जाईल, चमत्कार "भक्तांची श्रद्धा आहे की" असे लिहिले जातील, आणि ट्रस्टची जमिनीची केस असेल, गादीवरून दोन गट असतील तर तेही येईल. सय्यदनांच्या वारसाचा दावा मुंबई हायकोर्टात दहा वर्षं चालला, २०२४ च्या एप्रिलमध्ये निकाल लागला, विकिपीडियावर दोन्ही बाजू आहेत, ज्यांच्या बाजूने निकाल लागला त्यांनी सांगितलं म्हणून दुसरी बाजू काही हटत नाही. हयात माणसाबद्दल बिनसंदर्भाचं वाईट लिहिलेलं मात्र लगेच काढतात, एवढं संरक्षण आहे. पण संदर्भासकट वाईट असेल तर राहतं. विश्वस्तांना हे आधी सांगा, निम्मे तिथेच म्हणतील राहू दे मग.

आणि तुम्ही स्वतः शिष्य असाल तर लेखाच्या चर्चापानावर तसं उघड लिहा आणि बदल तिथे सुचवा. पैसे घेऊन लिहीत असाल तर ते जाहीर करणं २०१४ पासून बंधनकारकच आहे. पेज बनवून देतो, गॅरंटीने, असं सांगणारे एजंट हल्ली बरेच झालेत. गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, लेख उडाला की फोन उचलत नाहीत.

मग बहुतेकांसाठी मधला पर्याय. मठाचा, मंदिराचा किंवा संप्रदायाचा लेख आधीच असेल किंवा त्याला पुरेसे संदर्भ असतील तर महाराजांवर तिथे एक परिच्छेद, जन्म, गुरू कोण, गादीवर कधी आले, काय काम केलं, प्रत्येक वाक्याला संदर्भ. वास्तूबद्दल गॅझेटियरमध्ये, स्थानिक इतिहासात काहीतरी असतंच, माणसाबद्दल नसतं, म्हणून हे जमतं. गुरुपरंपरेत पाच जण असतील आणि प्रत्येकाबद्दल चारच ओळी असतील तर पाच खुरटे लेख करण्यापेक्षा एकच बरा. संस्थेबद्दलही काही नसेल तर मात्र सध्या नकोच, फाइल जपून ठेवा, शेवटच्या पाकिटासकट.

परिच्छेद केलात तर महाराजांच्या नावाने पुनर्निर्देशन टाकायला विसरू नका. नाव शोधणारा थेट त्या परिच्छेदावर येतो, मंडळाच्या ग्रुपवर टाकायला लिंकही मिळते, आणि पुढे कुणी बाहेरच्याने नीट लिहिलं की त्याच पानावर पूर्ण लेख उभा करता येतो.