ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम: नऊ महिने ऐकल्यावर

२०२५च्या जुलैत ब्लॅक सॅबथ या इंग्लिश हेवी मेटल बँडचा गायक ऑझी ऑस्बर्न गेला आणि त्याच आठवड्यात मी त्यांचा पहिला अल्बम सलग ऐकला. तोवर दोन-तीन गाजलेली गाणी तेवढी माहीत. बाहेर पाऊस, सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आलं याचे मेसेज ग्रुपवर चालू, आणि हेडफोनमध्येही पाऊसच. लांब कुठंतरी घंटा. ढग गडगडला तो सांगलीतला की अल्बममधला, हे बघायला एकदा हेडफोन काढला. मग गिटार आली आणि मी सरळ उठून दिवा लावला.

ही भीती टिकली साधारण दिवाळीपर्यंत. आता ते पहिलं गाणं लागलं की मी स्वर ऐकतो. मिरजेत सतारमेकर गल्लीत जवारी काढणारा, म्हणजे सतारीची घोडी घासून सूर जुळवणारा एक मित्र आहे, त्याला ऐकवलं. दहा सेकंदांत म्हणाला, "भावा, सा, वरचा सा आणि खाली येऊन तीव्र मध्यम. बास, एवढंच आहे." यमनात हाच तीव्र मध्यम किती गोड वाटतो! इथं सोबतीला ना गंधार, ना पंचम. एकट्याला अंधारात उभा केलाय. इतक्या कमी सामानात एवढं भय उभं करणं, याला मी आजही पैकीच्या पैकी देईन.

गिटारवाला टोनी आयोमी बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात होता. वय १७, नोकरीचा शेवटचा दिवस, आणि मशीनमध्ये मधल्या दोन बोटांची टोकं गेली. डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात उजवा, आणि गेली नेमकी त्याच हाताची. प्लास्टिकची बाटली वितळवून त्यानं बोटांना टोप्या केल्या आणि हलक्या तारा लावून पुन्हा वाजवायला लागला. मी कुपवाड एमआयडीसीत प्रेस मशीनवर आहे. ही गोष्ट वाचली त्या दिवशी शिफ्टमध्ये दोनदा मशीनचा गार्ड तपासला.

पण गिटारचं कौतुक सगळेच करतात. नऊ महिन्यांनी माझ्याकडं उरले ते बिल वॉर्डचे ड्रम आणि गीझर बटलरचा बेस. वॉर्ड जॅझ ऐकून वाढलेला, त्यामुळं एवढ्या जड संगीतातही ठेका झुलतो. 'द विझर्ड'मध्ये ऑझीच्या माउथ ऑर्गनमागं तो काय करतो ते नीट ऐका. 'एन.आय.बी.' या गाण्याच्या आधीचा एकट्या बेसचा तुकडा मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, काहीच हाती लागणार नाही. (या नावात लोकांना सैतानी काहीतरी दिसतं, पण तसं काही नाही. वॉर्डची दाढी पेनाच्या निबसारखी दिसायची, एवढाच विषय.)

आता दुखणं. १९६९च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये हा अल्बम जवळपास थेट वाजवत एका दिवसात उरकला. ताजेपणा त्यातूनच आला आणि भरतीची गाणीही. 'ईव्हिल वुमन' दुसऱ्या बँडचं गाणं, आणि इथं ते पाहुण्यासारखं अवघडून बसलंय. 'वॉर्निंग'ही उसनंच, वर दहा मिनिटांपेक्षा लांब. मधली गिटार फिरत राहते, थांबते, परत फिरते. आलाप आहे, बढत नाही, म्हणजे पुढं काही उलगडत नाही. मित्र तर झोपलाच. ऑझीचा आवाजही इथं कोवळा आहे. पहिल्या गाण्यातल्या घाबरलेल्या माणसाला तो शोभतो, शेवटाकडं कमी पडतो.

एक व्यवहाराचं: अमेरिकेतल्या आवृत्तीत 'ईव्हिल वुमन'च्या जागी 'विकेड वर्ल्ड' आहे. मिळाली तर तीच घ्या, त्यात वॉर्ड जास्त सापडतो.

सध्या विश्रामबागला कंपनीच्या बसमध्ये चढलो की दुसऱ्या गाण्यापासून लावतो. 'एन.आय.बी.' संपता संपता बस गेटात शिरते. 'वॉर्निंग'ची पाळी येतच नाही.