टेबलावरचा छोटा माग : आठ महिन्यांनंतर

दिवाळीच्या बोनसमधून हा माग घेतला. लाकडी, सोळा इंच रुंद, एकाच फणीचा. फणीत एक भोक, एक फट, पुन्हा एक भोक. भोकातले धागे फणीबरोबर वर-खाली होतात, फटीतले जागेवरच राहतात. फणी उचलली की एक वाट, दाबली की दुसरी. त्यातून आडवा धागा गुंडाळलेला धोटा सरकवायचा. खोक्यावर लिहिलं होतं, ‘पंधरा मिनिटांत विणायला शिका’. खोटं नाही. फक्त विणण्याच्या आधीचं काहीच लिहिलं नव्हतं.

आधीचं म्हणजे ताणा, मागावर चढवायचे उभे धागे. बारा इंची स्कार्फ, फणीत इंचाला १० घरं (भोकं आणि फटी मिळून), म्हणजे १२० धागे. स्कार्फ पावणेदोन मीटरचा हवा तर धागा अडीच मीटर, कारण अर्धा मीटर मागावरच वाया जातो आणि कापड थोडं आटतंही. झालं ३०० मीटर सूत! हॉलमध्ये अडीच मीटर सरळ मोकळी जागा मिळेना, म्हणून माग डायनिंग टेबलाला आणि धागे ताणायची समोरची खुंटी ओट्याला. तीन तास स्वयंपाक बंद. असे ताणले की फटीत दोन-दोन धागे येतात; मग प्रत्येक जोडीतला एक धागा काढून शेजारच्या भोकात ओवायचा, साठ वेळा. मी एक घर चुकले आणि ते वीतभर विणून झाल्यावर कळलं. कापडात उभी रेघ, सुरुवातीपासून.

पहिला ताणा मागच्या रुळावर गुंडाळताना थरांमध्ये कागद घातला नव्हता. वरचे धागे खालच्यांत रुतले, काही सैल, काही ताठ, कापडाला मधोमध पोट सुटलं. आता खाकी कागद घालते.

काठांनी जास्त छळलं. बाणा, म्हणजे आडवा धागा, ओढून घेतल्यामुळे बारा इंचांचे साडेनऊ झाले, कडेचे धागे फणीला घासून तुटले. सासूबाई सोलापूरच्या, लहानपणी शेजारच्या मागावर कांड्या (धोट्यातल्या सुताच्या नळ्या) भरायच्या. बघून म्हणाल्या, “अगं, हा स्कार्फ आहे की नाडी?” उपाय साधा निघाला. धागा सरळ न टाकता तिरका, सैल सोडायचा आणि मग फणीने ठोकायचा. तुटलेल्या धाग्याच्या जागी नवा धागा कापडात टोचलेल्या टाचणीला गुंडाळायचा, त्याचं मागचं टोक एका लोखंडी नटाला बांधून लोंबकळत ठेवायचं. चालतं.

सूत सुतीच घ्या. अ‍ॅक्रिलिक ताणलं जातं आणि मागावरून उतरलं की आक्रसतं. आणि उतरवलेलं कापड जाळीसारखं दिसलं म्हणून रडू नका. कोमट पाण्यात भिजवून वाळवलं की धागे बसतात, भोकं भरतात. माझं पहिलं तर मी फडक्यांत टाकलं होतं.

तक्रार एकच, पण मोठी. ताण धरून ठेवणारी दातेरी चाकाची अडकण प्लॅस्टिकची आहे. चौथ्या महिन्यात घसरली. विक्रेता म्हणाला, वॉरंटी फक्त लाकडाची. शेवटी कोपऱ्यावरच्या लेथवाल्याकडून साडेतीनशेत लोखंडी करून घेतली.

मे महिन्यात येवल्याला पैठणी विणताना पाहिली. बुट्टीतला प्रत्येक रंग वेगळ्या छोट्या कांडीवर, आणि उलट बाजूही सुलटीइतकीच स्वच्छ. घरी येऊन तशी एक पानाची बुट्टी करून बघितली. दोन इंचांना अख्खा रविवार गेला आणि पान बटाट्यासारखं दिसतं. साडीचं स्वप्न असेल तर सोळा इंची माग घेऊ नका. नॅपकिन, स्कार्फ, पिशवीचं कापड, एवढ्यासाठी घ्या.

सध्या चार मीटरचा ताणा चढवलाय, सहा नॅपकिनचा; वाया जाणारा अर्धा मीटर एकदाच जातो. धोटा सासूबाई भरतात. मी भरलेला त्यांना सैल वाटतो.