निळा पॅच दाखवून गळ्यात मारलेलं बॅरल क्लीनर

पॅच (नळी पुसायचा कापडाचा तुकडा) निळा आला की बॅरलमध्ये, म्हणजे नळीत, तांबं आहे, हे रायफल वापरणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेलं असतं. ज्या विक्रेत्याने मला बॅरल क्लीनर विकून फसवलं त्याचा सगळा धंदा या अर्ध्या माहितीवर चालतो. नेमबाजीच्या स्पर्धा असल्या की तो आसपास टेबल मांडून बसतो आणि अजूनही बसतोय, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. त्याचं नाव देत नाही. तक्रार केलेली आहे, शिवाय बाटलीवरचं नाव तो बदलतच असतो. पद्धत मात्र तीच असते.

तो आधी तुमचीच रायफल मागतो. बोल्ट काढतो, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं असल्याचं सगळ्यांना दाखवतो (हे मात्र तो चोख करतो), मग चकचकीत पितळी जॅगवर (सफाईच्या रॉडच्या टोकाला पॅच धरणारा तुकडा) पॅच लावून स्वतःजवळच्या उघड्या बाटलीत बुडवतो. अमोनियाचा झणका असा की डोळ्यांत पाणी यावं. पॅच नळीत अर्ध्यावर ढकलून तो तुमच्याशी गप्पा मारत उभा राहतो. मग बाहेर काढतो, तर आकाशी निळा. दुसरा घालतो, तोही निळा. तिसरासुद्धा. “साहेब, आत तांब्याचा थर बसलाय. अशीच चालवलीत तर बॅरल गेलं म्हणून समजा.” तोवर चार माणसं जमलेली असतात, आणि चारचौघांत आपली रायफल घाणेरडी निघाली की खिशात हात आपोआप जातो.

यातली चलाखी कळायला थोडं रसायन लागतं. जॅकेट असलेल्या गोळीचं वरचं आवरण तांब्याचं असतं, त्यात थोडं जस्त मिसळलेलं. गोळी रायफलिंगमधून (नळीतल्या वळणदार खाचांमधून) घासत गेली की त्या आवरणाचा पातळ थर नळीत राहतो. अमोनिया आणि हवेतला ऑक्सिजन मिळून हे तांबं विरघळवतात आणि त्यातून जे संयुग तयार होतं त्याचा रंग गडद निळा असतो. इथवर तो खरंच बोलतो. पण पितळही तांबं आणि जस्तच. अमोनियात भिजलेला पॅच पितळी जॅगवर मिनिटभर राहिला की जॅगच विरघळायला लागतो. बॅरल आरशासारखं स्वच्छ असलं तरी पॅच निळाच येणार. म्हणून तांबं काढणारं सॉल्व्हंट (विरघळवणारं द्रव) वापरताना जॅग स्टीलचा, निकेल चढवलेला किंवा प्लास्टिकचा घेतात आणि ब्रश नायलॉनचा. कांस्याचा ब्रश अशा सॉल्व्हंटमध्ये वापरला तर तोही निळा रंग देतो आणि लवकर झिजून फुकट जातो.

माझ्या हे लक्षात आलं ते आमच्याच क्लबमधल्या एका ताईंमुळे. त्यांची .२२ची टार्गेट रायफल. तिच्यातून बिनजॅकेटच्या शिशाच्या गोळ्यांशिवाय कधी काही झाडलेलं नाही. त्याने त्यांचाही पॅच निळा काढून दाखवला होता आणि त्यांनाही तीच बाटली विकली होती. शिशाच्या गोळीतून तांब्याचा थर कुठून येणार? त्यांनी हे हसत हसत विचारलं, आणि मग मी घरी नेलेली बाटली नीट पाहायला घेतली.

टेबलावरची आणि हातात दिलेली बाटली वेगळी असते, हा दुसरा भाग. सीलबंद बाटलीला अमोनियाचा वासच नव्हता. लेबलवर लिहिलेलं होतं: अमोनियाविरहित, कार्बन, तांबं, शिसं, गंज सगळ्यांवर एकच उपाय, रात्रभर ठेवा, कुठल्याही धातूला धोका नाही. आता, अमोनिया नसलेली तांबं काढणारी सॉल्व्हंट्स खरोखर मिळतात. ती संथ चालतात आणि त्यांतली काही जास्त वेळ ठेवण्यासाठीच बनवलेली असतात. त्यामुळे यातलं एखादं वाक्य सुटं वाचलं तर पटण्यासारखं आहे. पण कार्बनची काजळी, तांबं आणि शिसं यांची जात वेगवेगळी. एकाच बाटलीने हे सगळं निघतं आणि वर गंजही जातो, असं म्हणणाऱ्याने बाटलीत काय आहे ते सांगायला हवं. लेबलवर घटकांचा एक शब्द नव्हता.

लेबलाप्रमाणे मी ते वापरत होतो आणि पॅच दर वेळी फिकट निळा येत होता. ओळखीच्या एका आर्मररकडे, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडे, बाटली नेली. त्याने काचेच्या तुकड्यावर कोरा सुती पॅच ठेवला आणि ड्रॉपरने एक थेंब टाकला. थेंब पसरत गेला, मधे जवळजवळ रंगहीन, आणि कडेला बारीक निळी किनार. जवळपास कुठेही धातू नव्हता. रंग बाटलीतूनच येत होता. मग त्याने एक खिळा पॉलिश पेपरने घासून उजळ केला, अर्धा त्या द्रवात भिजवून तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी भिजलेल्या भागावर नारिंगी ठिपके. द्रव पाण्यात सहज मिसळत होतं, वेगळा थर होत नव्हता. म्हणजे मुख्यतः पाणी, रंग आणि थोडं साबणासारखं काहीतरी. पाण्यावर आधारलेलं सॉल्व्हंट वाईटच असतं असं नाही, अमोनियाची बरीच तशीच असतात. पण गंजरोधक न घातलेलं पाणी पोलादात रात्रभर ठेवायला सांगणं म्हणजे गंजाला आमंत्रण. बोअरस्कोप (नळीच्या आतून बघायचं उपकरण) घालून पाहिलं तर चेंबरच्या पुढे, जिथून रायफलिंग सुरू होतं तिथे, खालच्या बाजूच्या खाचांत तांबूस डाग होते. रायफल आडवी ठेवलेली, द्रव खाली साचलेलं. वरच्या बाजूला काही नाही. स्टेनलेस बॅरल असतं तर वाचलं असतं, असं कुणी म्हणालं. तेही खरं नाही. बॅरलसाठी वापरतात त्या जातीच्या स्टेनलेसलाही गंज चढतो, फक्त उशिरा.

पैसे परत मागितले तेव्हा त्याने आधी बॅरल जुनं असल्याचं सांगितलं. मग आवाज चढवला. मग एकदम मवाळ होऊन, बदली म्हणून एक तिसरी बाटली दिली. इथे गोष्ट पैशांपुरती राहिली नाही, म्हणून नीट वाचा. बाटलीवर लेबल नव्हतं. वास गोडसर. “हे जोरदार आहे, आधी हीट गनने बॅरल गरम करा, मग सोडा, सगळं वितळून येईल.” आर्मररने झाकण उघडून लगेच बंद केलं. पाण्याच्या ग्लासात एक थेंब सोडला, तर थेंब मण्यासारखा तळाशी जाऊन बसला. रॉकेल, पेट्रोल, टर्पेंटाइन पाण्यावर तरंगतात. पाण्याखाली जाणारं, गोड वासाचं, झपाट्याने उडणारं द्रव म्हटलं की क्लोरिनयुक्त सॉल्व्हंटचा संशय घ्यावा लागतो: डायक्लोरोमिथेन, ट्रायक्लोरोइथिलीन या घराण्यातलं. ब्रेक साफ करायच्या काही स्प्रेमध्येही हेच असतं. याची वाफ खूप तापलेल्या धातूला किंवा ज्वालेला लागली तर फॉस्जीन वायू तयार होऊ शकतो, जो पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरला गेला होता. बंद खोलीत, हीट गन हातात घेऊन हे करायला एक माणूस दुसऱ्याला सांगतो, आणि विकतोही. शिवाय डायक्लोरोमिथेन साध्या नायट्राइल हातमोज्यातून काही मिनिटांत आरपार जातं. हातमोजे घातलेत म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

मी विक्रेत्याकडे सेफ्टी डेटा शीट, म्हणजे उत्पादनातले घटक आणि धोके सांगणारं पत्रक, मागितली. त्याने एका पानाचा फोटो पाठवला, त्यावर दुसऱ्याच उत्पादनाचं नाव. खऱ्या शीटचे १६ विभाग असतात. तिसऱ्या विभागात घटक, आठव्यात हातमोजे आणि हवेशीरपणाबद्दल, नवव्यात फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते ते), दहाव्यात हे कशात मिसळू नये ते. प्रामाणिक विक्रेत्याकडून ती मिळायला अडचण येत नाही. ज्याला ती देता येत नाही त्याच्याकडून बॅरलमध्ये घालायचं काही घेऊ नये, मग तो कितीही गोड बोलो.

घ्यायचं काय, तर आधी घाण कसली आहे ते ठरवा. काजळीला साधं बोअर (नळी साफ करायचं) सॉल्व्हंट पुरतं. हॉपीज नंबर ९ सारखी जुनी नावं १९०३ पासून उगाच टिकलेली नाहीत. जॅकेटच्या गोळ्या झाडत असाल तर अधूनमधून तांब्याचं सॉल्व्हंट, आणि बाटलीवर दिलेल्या वेळेपलीकडे ते आत ठेवायचं नाही. कडक अमोनियाच्या काही सॉल्व्हंट्सची मर्यादा १५ मिनिटांचीच असते. .२२मधल्या शिशाला अमोनिया काही करत नाही, तिथे ब्रश आणि साधं सॉल्व्हंट. जुनी लष्करी काडतुसं वापरणाऱ्यांचं प्रकरण वेगळंच: त्यांच्या प्रायमरमधून (काडतुसाची ठिणगी देणारी टोपी) क्षार मागे राहतात, तेलात किंवा रॉकेलसारख्या सॉल्व्हंटमध्ये ते विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. तिथे गरम पाणी, मग कोरडं पुसणं, मग तेल, हाच मार्ग.

घरगुती नुस्ख्यांचं एक सांगतो, कारण तोच विक्रेता ते फुकटात वाटतो. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळून शिसं काढतात. निघतं, पण शिशाचं विरघळणारं विषारी क्षार तयार होतं आणि मिश्रण पोलादही खातं. अमोनियाचं काही वापरल्यावर ब्लीचने पुसायचं तर अजिबात नाही, त्यातून क्लोरामाइन वायू निघतो. पेट्रोलबद्दल वेगळं सांगायला नको. तरीही लोक वापरतात.

वापरताना रायफल रिकामी आहे हे स्वतः बघा, दाराखिडक्या उघड्या ठेवा, जवळ ज्योत किंवा सिगारेट नको, डोळ्यांवर चष्मा हवा. शक्य असेल त्या रायफलमध्ये रॉड चेंबरच्या बाजूने, बोअर गाइडमधून (रॉड सरळ ठेवणारी नळी) घाला. मझल (नळीचं पुढचं तोंड) थोडं खाली ठेवलं की द्रव ट्रिगरमध्ये आणि लाकडात उतरत नाही. अॅसिटोन तर लाकडावरचं पॉलिश क्षणात उचलतं. एका वेळी एकच सॉल्व्हंट, दुसरं घालण्याआधी पहिलं पूर्ण पुसून काढा. शेवटी तेलाचा पातळ हात, आणि पुन्हा झाडण्याआधी नळी आणि चेंबर कोरड्या पॅचने पुसून घ्या. काम झालं की हात साबणाने धुवा, मळलेले पॅच झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. सॉल्व्हंट पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका.

पॅच निळा येतोय आणि खात्री नाही, तर तुमचा जॅग न लावता, नुसता पॅच त्या द्रवात भिजवून काचेवर ठेवा. मग तोच पॅच जॅगवर गुंडाळून बॅरलबाहेर मिनिटभर धरा. रंग कुठून येतोय ते तिथेच कळतं.

तक्रारीत कामाला आलं ते असं: मूळ सील आणि झाकणासकट बाटली, लेबलचा बॅच क्रमांक दिसेल असा फोटो, पैसे दिल्याची नोंद, आणि हीट गनचा सल्ला त्याने मेसेजमध्येही दिला होता, तो मेसेज. बोलण्यातल्या आश्वासनांना तिथे कुणी विचारत नाही, म्हणून त्याच्याशी फोनवर बोलणं झालं की लगेच “आपण असं म्हणालात” असा मेसेज टाकत गेलो. तिसरी बाटली तक्रारीसाठी आर्मररच्या कुलपात आहे, वर चिठ्ठी लावून. निकाल लागला की ती घातक कचरा घेणाऱ्यांकडे जाईल. असली काही तुमच्याकडे असेल तर मोरीत ओतू नका, मातीतही नको.