आरसिंकच्या 'लायसन्स'चे २३८ डॉलर

आरसिंक म्हणजे एका संगणकावरच्या फाइली दुसऱ्यावर उतरवून ठेवणारं सॉफ्टवेअर. 'तुमचं आरसिंक धोकादायक आहे, तातडीने अपग्रेड करा' असा मेल आला तर पैसे सोडाच, उत्तरही देऊ नका. माझे २३८ डॉलर गेले. १४९ 'आपत्कालीन अपग्रेड'चे. मग जुना प्रोटोकॉल ३१ (दोन आरसिंकमधल्या संवादाचे नियम) बंद होणार म्हणून ३२ च्या 'लायसन्स'चे ८९. (असलं लायसन्स नसतंच. नवं आरसिंक जुन्याशी जुळवून घेतं.)

मी काही या कामात नवखा नाही. थाप खऱ्या बातमीवर रचली होती. जानेवारी २०२५ मध्ये आरसिंकमधल्या सहा त्रुटी जाहीर झाल्या, एक तर १० पैकी ९.८ तीव्रतेची. दुरुस्ती ३.४.० आवृत्तीत आली, आणि माझ्याकडे दिसत होतं ३.२.७. सगळा बॅकअप त्यावर चालतो म्हटल्यावर कोण घाबरणार नाही?

त्यांनी व्हर्जनची कमांड चालवून आउटपुट मागवलं. त्याच आउटपुटच्या तळाशी लिहिलेलं असतं: हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, जीएनयू परवान्याच्या अटींवर खुशाल वाटा. म्हणजे लायसन्स फुकट आहे हे सांगणाऱ्या ओळी मीच कॉपी करून त्या चोरांना पाठवल्या! त्यांनी बोट ठेवलं वरच्या आकड्यावर. ऐन घाईत तळाचा मजकूर कोण वाचतं, सांगा.

वर माझ्या सर्व्हरवरच्या डेबियन १२ ने (लिनक्सचा एक प्रकार) ती दुरुस्ती ३.२.७ मध्येच घालून दिलेली. आकडा तोच, फक्त शेवटी पुरवणी. चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदीत) सीव्हीई, म्हणजे त्रुटीचा ओळख क्रमांक शोधा, आकड्यामागे धावू नका. त्यांचं 'अपग्रेड' म्हणजे रूटच्या, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याच्या ऑथराइज्ड कीजमध्ये (पासवर्डशिवाय आत येऊ देणाऱ्या किल्ल्यांची फाइल) त्यांची स्वतःची की. तुमचीही फाइल उघडून बघा. मला सर्व्हर नव्याने उभारावा लागला.

बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच टाकलात. चोरांना डोमेन (वेब-पत्ता) विकणारे म्हणतात, कोर्टाचा आदेश आणा. सायबर कक्षाने तर कहर केला. अर्जाच्या यादीत माझा प्रकारच नाही, म्हणून 'इतर' निवडा. 'इतर' निवडलं म्हणून तपशील अपुरा. लॉग जोडले तर फाइल मोठी, छापून आणा. सर्व्हरचे लॉग, छापून! वर साहेबांचा प्रश्न: 'सॉफ्टवेअर फुकटचं म्हणता, मग नुकसान कसलं?' तक्रार आता 'निकाली' दिसते.

आणि सर्व्हरचा ८७३ पोर्ट (आरसिंकचं बाहेरून आत यायचं दार) उघडा असेल तर आजच बंद करा. आरसिंकचा डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) येणाऱ्या कुणालाही प्रोटोकॉलचा आकडा आपणहून सांगतो. माझा ३१ त्यांना तिथूनही कळला असेल.