वावरातला ले-आउट की गावठाणाची वाढ?

आमच्या गावात वावरात प्लॉट पाडायच्या नव्या ले-आउटवरून वाद पेटलाय आणि विरोध करणाऱ्यांले लोक सरळ विकासविरोधी म्हणून मोकळे होतात. अरे, घरं नको असं कोणीच म्हणत नाही, कुठं बांधायची एवढाच प्रश्न आहे.

नाल्याकाठच्या वावरात प्लॉट पाडले तर जागा मोकळी, शेतकऱ्याले एकरकमी पैसा, कर्ज निपटते, हे खरंच आहे. पण ते कपाशी-तुरीचं काळं वावर आहे, ती माती पावसाळ्यात फुगते अन् उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया नीट घेतला नाही तर भिंतीले तडे जातात. वरून मुरूम टाकून लेव्हल केली की पाणी शेजारच्या धुऱ्यावर तुंबणार, पांधण बुजली तर मागच्या वावरात बैलबंडी न्यायची कुठून, आणि घरोघरी बोअर झाले की उन्हाळ्यात आजूबाजूच्या विहिरींचं काय?

गावठाणाले लागून वाढ केली तर प्लॉट लहान मिळतील, हिस्सेदारांची भांडणंही होतील. पण नळ, नाली, शाळा, अंगणवाडी सगळं जवळच. जमीन महसूल संहितेच्या कलम 42ड मध्ये गावठाणापासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीवर घरं बांधायले वेगळी तरतूदही केली होती.

माझं मत गावठाणाच्या वाढीच्या बाजूनं. तरीही वावरातच करायचं असेल तर आधी ग्रामसभेत नकाशा ठेवा, त्यात नाला अन् पांधण दाखवा, सांडपाणी कुठं सोडणार तेही लिहून द्या. तोंडी आश्वासन नको.